पानाचा काळा चहा: झाकून मुरवायचा कसा

दूध आलं नाही, नासलं किंवा डॉक्टरांनी बंद केलं, की आपल्याकडे काळा चहा होतो. तोही नेहमीच्याच दाणेदार पत्तीचा, नेहमीसारखा खदखदा उकळलेला. मग तो कडू लागतो, घसा धरतो, आणि दोन चमचे साखर टाकून कसाबसा संपवला जातो. म्हणून काळा चहा म्हणजे नाइलाजाचा चहा, असं घरोघरी ठरून गेलं आहे. पण सबंध पानाचा चहा नीट केला तर दुधाची आठवणही येत नाही. त्यासाठी लागणारं सामानही घरातलंच: दोन गंज (पातेली), झाकणी, गाळणी आणि घड्याळ.

पत्ती कोणती घ्यायची

किराणा दुकानातली बारीक दाण्यांची पत्ती म्हणजे सीटीसी. यंत्राच्या दातेरी रुळांमधून पान चिरडून, फाडून, वळवून ती करतात. हे यंत्र १९३० च्या सुमारास आसामात आलं. दाणा बारीक असल्यामुळे रंग आणि कडकपणा झटकन उतरतो, म्हणून दुधाच्या चहाला तीच बरी. काळ्या चहासाठी पाकिटावर ‘ऑर्थोडॉक्स’ किंवा ‘होल लीफ’ लिहिलेलं बघा. उघडल्यावर आत काळपट, लांबट, पीळ दिलेली पानं दिसायला हवीत. तालुक्याच्या गावी असा चहा मिळेलच असं नाही. नागपूर-अमरावतीच्या चहाच्या मोठ्या दुकानांत विचारा, नाहीतर ऑनलाइन मागवा. आपल्या चिखलदऱ्याला कॉफी पिकते, चहा मात्र लांबूनच आणावा लागतो.

कडक चहावर वाढलेल्या माणसाने आसामपासून सुरुवात करावी. तिथला मे-जूनच्या तोडणीचा चहा दाट असतो आणि मागे गोडसर चव ठेवतो. निलगिरीचा चहा हलका, स्वच्छ चवीचा, लिंबाशी छान जमणारा. दार्जिलिंगचा वास सगळ्यांत सुंदर, पण वसंतातल्या पहिल्या तोडणीचा चहा इतका फिका असतो की सवय नसलेल्याला पाणचट वाटतो. तो नंतरसाठी ठेवा. पहिल्यांदा १०० ग्रॅमच घ्या. कपाला २ ग्रॅम धरले तर त्यात ५० कप होतात.

बाजारात सुटी पत्ती घेतली असेल तर चिमूटभर थंड पाण्यात टाकून बघा. चांगल्या पत्तीचा रंग हळूहळू उतरतो. टाकल्या टाकल्या पाणी लाल झालं तर पत्तीला रंग दिलेला आहे असं समजा आणि ती वापरू नका.

पाणी

आपल्या भागात चहा बिघडतो तो जास्त करून पाण्यामुळे. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात विहिरी-बोअरचं पाणी खारट. इतर ठिकाणीही बोअरचं पाणी बहुधा जड. अशा पाण्यात चहा केला की दोन-चार मिनिटांत वर तपकिरी साय धरते. कप तिरपा केला की ती काचेला चिकटते, मध्येच तडकते, आणि खालचा चहा लाल दिसायच्या ऐवजी मातकट दिसतो. दुधाच्या चहात हे झाकून जातं, काळ्यात लपत नाही. म्हणून या चहापुरतं आरओच्या कॅनचं किंवा नळयोजनेचं गोडं पाणी घ्या. बोअरचंच असेल तर पाच-दहा मिनिटं उकळून निवू द्या, चुना तळाशी बसला की वरचं पाणी अलगद ओतून घ्या. याने जडपणा कमी होतो, खारटपणा जात नाही. खारट पाण्यावर महागाची पत्ती वाया घालवू नका.

करायचा कसा

दोन कपांसाठी ४०० मिली पाणी आणि ४ ग्रॅम पत्ती. पानं फुगीर असल्यामुळे चहाच्या चमच्याने दोन शिगोशीग चमचे भरतात. दाणेदार पत्तीच्या मापाने टाकाल तर चहा फिका होईल.

पाणी झाकूनच उकळा, विशेषतः चुलीवर. उघड्या पाण्याला धुराचा वास लागतो आणि चहात तो लगेच कळतो. खळखळून उकळी आली की थोडं पाणी दुसऱ्या गंजात फिरवून ओतून द्या, म्हणजे तो गरम होईल. त्यात पत्ती टाका, वरून उकळतं पाणी ओता आणि लगेच झाकणी ठेवा. आता गंज पुन्हा आचेवर जाणार नाही. सगळी कृती या एका गोष्टीवर उभी आहे. पान पाण्यात उकळत राहिलं की तुरटपणा नको तितका उतरतो आणि वास वाफेबरोबर उडून जातो.

आसामला चार मिनिटं, निलगिरी आणि दार्जिलिंगला तीन. चमच्याने ढवळत बसू नका. वेळ झाली की सगळा चहा एकदम गाळून घ्या, अर्धा गंजात ठेवला तर दुसरा कप कडू होतो. गाळणीत पत्ती दाबूही नका. उघडलेली पानं बघा: मघाची वळलेली काडी आता तांबूस, ओलं, शिरा दिसणारं पान झालेली असते. त्याच पानांवर लगेच पुन्हा उकळतं पाणी ओतून पाच-सहा मिनिटं झाकली तर आणखी एक हलका चहा निघतो.

पिताना

पहिले दोन घोट काही न घालता घ्या. गोड हवंच असेल तर गाळल्यावर किसलेला गूळ घाला, यात दूध नसल्यामुळे फाटायची भीती नाही. लिंबूही गाळल्यावरच, चार-पाच थेंब. रंग लगेच उजळतो. गवती चहा किंवा आलं आवडत असेल तर ते पाण्यात आधी उकळून घ्या, पत्ती नंतर टाका.

मे महिन्यात गरम चहा नकोसा होतो तेव्हा एक लिटर पिण्याच्या स्वच्छ थंड पाण्यात ८ ते १० ग्रॅम पत्ती टाकून रात्रभर झाकून ठेवा. सकाळी गाळून लिंबू पिळा आणि बाटली शेतात न्या. हा चहा कडू होतच नाही. मात्र पाणी उकळलेलं नसतं, म्हणून ते शुद्ध आहे याची खात्री हवी, आणि त्याच दिवशी संपवा.

जेवणाला लागून चहा घेऊ नका, तासाभराचं अंतर ठेवा. चहामुळे अन्नातलं लोह अंगी कमी लागतं. ज्या बायांचं हिमोग्लोबिन कमी आहे, ज्या लोहाच्या गोळ्या घेतात, त्यांनी हे कटाक्षाने पाळावं.

पत्ती घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, मसाल्याच्या डब्यापासून दूर ठेवा. चहाला शेजारचा वास फार लवकर लागतो. पावसाळ्यात डब्यात ओला चमचा जाऊ देऊ नका. वापरलेली पानं साखर-गुळाशिवायची असतील तर तुळशीच्या कुंडीत मातीखाली दाबा, नाहीतर शेणखताच्या खड्ड्यात टाका.