पिल्लाच्या कानांची टोकं नीट पुढे वळावीत म्हणून काय करायचं (शेल्टी, कॉली आणि थोडं टेरियरबद्दल)

आमची झिपरी, म्हणजे आमची शेल्टी (शेटलंड शीपडॉग जातीची कुत्री), तीन महिन्यांची होती तेव्हा तिचे कान बघून सगळे म्हणायचे काय मस्त वळलेत, आणि मीही निर्धास्त होते की चला आता यात काही करायला नको. साडेचार महिन्यांची झाली आणि एका सकाळी उठून बघते तर डावा कान सशासारखा ताठ उभा. उजवा होता तसाच. आदल्या दिवशी तिचा पुढचा एक दुधाचा दात गादीवर सापडला होता, तो मी कौतुकाने डबीत ठेवला होता, पण त्या दाताचा आणि कानाचा काही संबंध असेल हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. नंतर आठवडाभर रोज नवीन प्रकार, कधी दोन्ही वर, कधी एक बाजूला विमानाच्या पंखासारखा आडवा, कधी परत एकदम बरोबर. तुमच्याकडे आत्ता हेच चालू असेल तर आधी शांत व्हा, हे नॉर्मल आहे, आणि यावर करता येण्यासारखं बरंच आहे.

पहिल्यांदा एक स्पष्ट सांगते. कान उभा राहिला म्हणून कुत्र्याला काहीही त्रास होत नाही, ऐकायला तेवढंच येतं. हे सगळं फक्त दिसण्यासाठी आहे. डॉग शोला न्यायचं असेल किंवा तुम्हाला तो शेल्टीचा गोड चेहरा हवाच असेल तर करा, नाहीतर सोडून द्या, पिल्लू तितकंच गोड राहतं. आणि करायचंच असेल तर एक गोष्ट पक्की धरून चला, की कानाच्या आधी कातडी. कातडी लाल झाली की त्या दिवशी सगळं काढायचं, मग शो उद्या असला तरी.

आता नेमकं हवंय काय? रफ (म्हणजे लांब केसांची) कॉली आणि शेल्टीच्या अमेरिकन स्टँडर्डमध्ये, म्हणजे ती जात कशी दिसावी याच्या अधिकृत वर्णनात, कान साधारण तीन चतुर्थांश उभा आणि वरचं एक चतुर्थांश पुढे वळलेलं असं मागितलंय. ब्रिटिश कॉली स्टँडर्डमध्ये दोन तृतीयांश उभा आणि वरचा एक तृतीयांश पुढे पडलेला. म्हणजे अगदी टोकाचा शेंडा नुसता वाकला तर कमी आणि कान अर्ध्यातून पडला तर जास्त. पण हे माप कुत्रं कान टवकारतं तेव्हाचं आहे हे लक्षात ठेवा. आरामात बसलेल्या शेल्टीचे कान मागे मानेच्या केसात जातात, ते बघून काही ठरवू नका.

कान असा का वागतो ते थोडं समजून घेतलं की पुढचं सोपं जातं. कानाच्या आत कार्टिलेज म्हणजे कूर्चा असते, मऊ हाडासारखं काहीतरी, पिल्लूपणी ते एकदम लवचिक, आणि वाढीबरोबर हळूहळू कडक होत जातं. पिल्लाला २८ दुधाचे दात असतात आणि मोठेपणी ४२, ही सगळी अदलाबदल साडेतीन-चार महिन्यांना सुरू होते आणि सहा-सात महिन्यांपर्यंत चालते, आणि नेमकं याच काळात कान वर-खाली होतात. म्हणजे आपल्याला शिकवायचं काही नाहीये खरं तर, कार्टिलेज कडक होईपर्यंत कानाला योग्य घडीत धरून ठेवायचं एवढंच काम. घडी पडलेली साडी आठ दिवस तशीच ठेवली की रेष बसते ना, तसंच. म्हणून आठ ते बारा आठवड्यांत सुरू केलेलं सगळ्यात बरं, आणि एक वर्षाच्या कुत्र्यावर हेच केलं तर फार आशा ठेवू नये.

आता मुख्य मुद्दा, आणि इथेच बहुतेक जण चुकतात, मीही चुकले. सगळे टोकाकडे बघतात. बुडाकडे, म्हणजे कान डोक्याला जिथे जोडलेला असतो तिथे, कोणी बघत नाही. कान डोक्यावर उंच आणि जवळ बसलेला असेल तर टोक आपोआप पुढे पडतं, आणि कान बुडातून बाहेर फाकलेला असेल तर टोकाला पट्टी चिकटवून कितीही वजन लावा, टोक पुढे न पडता बाजूला पडणार. झिपरीच्या टोकाला मी तीन आठवडे पट्टी लावत होते आणि कान पुढे यायच्या ऐवजी कुत्र्याला टोपी तिरकी घातल्यासारखा दिसत होता, कारण दुखणं बुडात होतं.

म्हणून आधी तपासणी करा. पिल्लासमोर खाली बसा, फोन तिच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा, कोणाला तरी मागून वेगळाच आवाज काढायला सांगा, किल्ल्या वाजवा, काहीही, आणि कान टवकारले की समोरून फोटो. दर आठवड्याला एक. फोटोत तीन पैकी काहीतरी दिसेल. टोक सरळ वर गेलंय, म्हणजे कान हलका किंवा कडक आहे. किंवा पूर्ण कान जड होऊन खाली लोंबतोय. किंवा दोन्ही कान बुडातून बाहेर फाकलेत. तिघांचं औषध वेगवेगळं आहे आणि एकाचं दुसऱ्याला दिलं तर बिघडतं. लोंबत्या कानाला वजन लावणारी माणसं मी पाहिली आहेत, कृपया नको.

टोक वर गेलं असेल तर सगळ्यात आधी नुसता मसाज. दिवसातून तीन-चार वेळा, पिल्लू झोपाळलेलं असताना, मांडीवर घ्या, अंगठा आतून आणि बोट बाहेरून धरून जिथे घडी हवी तिथे हलकेच पुढे दुमडा आणि मिनिटभर चोळत राहा. दाबायचं नाही, चुरगळायचं नाही. टोकाचे केस कापू नका, त्या केसांचंही वजन कामाला येतं. एवढ्याने पंधरा दिवसात काही फरक नाही दिसला तर पट्टीकडे जा.

पट्टीसाठी मोलस्किन वापरा, पायाला बूट चावू नये म्हणून लावतात तो एका बाजूने मऊ कापडासारखा आणि दुसऱ्या बाजूने चिकट असलेला प्रकार. आणि गम हवा तर कातडीसाठी बनवलेलाच, स्टोमा बॅग (ऑपरेशननंतर पोटावर लावतात ती पिशवी) चिकटवायला वापरतात तसला. झटपट चिकटणारा सुपर ग्लू कधीही नाही, कापसाला किंवा कापडाला लागला तर तो इतका तापतो की भाजतं, आणि काढताना कातडी सोलून येते. साधा सेलोटेप किंवा इलेक्ट्रिकल टेपही नको.

मी कसं करते ते सांगते. संध्याकाळी फिरून आल्यावर, पिल्लू दमलेलं असताना. कानाच्या पाळीच्या आतला वरचा भाग स्पिरिटमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाने पुसायचा, तेलकटपणा गेला पाहिजे, पण कापूस ठिबकता नको आणि कानाच्या भोकाच्या जवळपासही जायचं नाही. कातडीवर ओरखडा असेल तर स्पिरिट लावूच नका, त्या दिवशी सुट्टी. पूर्ण वाळू द्या. तोपर्यंत मोलस्किनचा पानाच्या आकाराचा तुकडा कापायचा, कानाच्या वरच्या एक तृतीयांशात बसेल एवढाच, कडेने तीन-चार मिलिमीटर कातडी मोकळी राहील असा, आणि कोपरे गोल करायचे कारण टोकदार कोपरा पहिल्यांदा उचलला जातो आणि मग पिल्लू तिथेच खाजवत बसतं. मग तो आतून चिकटवून वीस-तीस सेकंद दोन बोटांत धरून ठेवायचा, हाताच्या उबेने तो नीट बसतो. एक थर लावा, दुसऱ्या दिवशी फोटो काढा, कमी वाटलं तर दुसरा थर. एकदम तीन थर लावले की कान मुळापासूनच खाली येतो.

दुसरी पद्धत म्हणजे टोकच दुमडून चिकटवणं. टोकाच्या आतल्या बाजूच्या केसांना गमचा अगदी पातळ हात, थोडा वेळ थांबायचं, बोट लावल्यावर चिकट लागलं पण बोटाला आलं नाही की टोक पुढे दुमडून कानाच्या आतल्या केसांवर टेकवायचं. घडी तिथेच पडायला हवी जिथे शेवटी हवीय. कानाचं भोक पूर्ण उघडं, आत हवा खेळती. लावताना कोणीतरी समोरून खाऊ चाटवत असेल तर बरं, आणि लावून झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं तिच्याशी खेळत राहा, नाहीतर ती पहिलं काम पायाने ओरबाडायचं करते. झिपरीला मी दोरीचं खेळणं द्यायचे, तोंड त्यात गुंतलं की कान विसरून जायची. गमला वास असतो आणि तो पेट घेऊ शकतो, खिडकी उघडी ठेवा आणि गॅसपासून लांब बसा.

आता बुड. कान फाकलेले असतील तर दोन कानांमध्ये पूल बांधायचा. दोन्ही कानांच्या आतल्या कडा, म्हणजे ज्या एकमेकींकडे असतात त्या, बुडाजवळ पट्टीने जोडायच्या. अंतर किती ठेवायचं हे तिलाच विचारा, म्हणजे तिने नीट टवकारल्यावर कानांमध्ये जेवढी जागा असते तेवढीच, त्याहून जवळ ओढलं तर कपाळाची कातडी ताणली जाते आणि डोळे विचित्र दिसायला लागतात. पट्टीचा मधला भाग डोक्याच्या केसांना चिकटू नये म्हणून त्याच्या चिकट बाजूवर तेवढाच दुसरा तुकडा उलटा चिकटवायचा. केस पुरेसे लांब असतील तर काही जण दोन्ही बाजूंचे केस मऊ लोकरीच्या धाग्याने एकमेकांना बांधतात, तेही छान चालतं आणि गमची कटकट नाही, फक्त गाठ केसांनाच हवी, कातडी ओढली जाता कामा नये. कानाभोवती गोल गोल पट्टी मात्र कधीच गुंडाळायची नाही, रक्तपुरवठा थांबतो. झिपरीला पूल बांधला आणि टोकाचं वजन निम्मं केलं, तेव्हा कुठे दहा-बारा दिवसांत कान पुढे पडायला लागला.

जड लोंबणाऱ्या कानाचं उलटं. वजन हलकं करा, टोकावरचे आणि पाठीमागचे जास्तीचे केस थिनिंग कात्रीने विरळ करा, आणि बुडाशी पूल बांधून आधार द्या. दात येताना खूप कान खाली येतात आणि मग आपले आपण उठतात, त्यामुळे इथे घाई सगळ्यात कमी करा. कॅल्शियमच्या गोळ्या देऊन कान उभे करायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच, देऊ नका, चांगलं पपी फूड चालू असेल तर वरून कॅल्शियम दिल्याने वाढत्या हाडांचं नुकसान होऊ शकतं.

टेरियरवाल्यांसाठी थोडक्यात, कारण माझा हात शेल्टीवर बसलाय. एअरडेल आणि वायर फॉक्स टेरियरमध्ये कानाची घडी डोक्याच्या रेषेच्या वर यायला हवी आणि पाळी पुढे पडायला हवी, म्हणून तिथे कान घडीत बसवून डोक्याच्या केसांवरच चिकटवतात. घडीची उंची थोडी चुकली की सगळा चेहरा बदलतो, त्यामुळे पहिल्या वेळी अनुभवी ब्रीडरच्या हाताखालीच करा.

लावून झालं म्हणजे संपलं असं नाही. रोज सकाळी कान हातात घ्यायचा, वास घ्यायचा, हो खरंच नाक लावून. आंबूस वास आला, ओल वाटली, कातडी गरम किंवा लाल दिसली, पिल्लू सारखं डोकं झटकतंय किंवा एका बाजूला कललंय, की सगळं काढा आणि व्हेटला दाखवा. सतत डोकं झटकल्याने कानाच्या पाळीत रक्त साकळून फुगा येऊ शकतो आणि ते दुखणं फार वाईट. अंघोळ किंवा पावसात भिजणं झालं तर ओली पट्टी तशीच ठेवू नका. घरात दुसरं कुत्रं असेल तर लक्ष ठेवा, एकमेकांच्या पट्ट्या चावून गिळतात.

पट्टी आपणहून सुटायला लागली की काढायची, ओढून नाही. बेबी ऑईल किंवा खोबरेल तेल कडेने लावा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग बोटाने हळूहळू गोल चोळत सोडवा, कातडीवर गमचे बारीक गोळे होतात ते केसांच्या दिशेने ओढून काढायचे. घाई केली तर केसांसकट येतं आणि पुढच्या वेळी पिल्लू कानाला हातच लावू देत नाही. मग सौम्य शाम्पूच्या ओल्या कपड्याने तेल पुसून एक-दोन दिवस कान मोकळा ठेवा. त्या मोकळ्या दिवसांतच कळतं कुठवर आलोय ते, फोटो काढायला विसरू नका.

कधी थांबायचं? सगळे पक्के दात आल्यावर, म्हणजे साधारण सात महिन्यांच्या पुढे, पट्टी काढून पाच-सहा दिवस बघा. कान जागेवर राहिला तर झालं. परत वर गेला तर अजून दोन-तीन आठवडे लावा आणि पुन्हा बघा. काही शेल्टींचे कान वर्षाचे होईपर्यंत हलतात. झिपरीचा पूल मी साडेसात महिन्यांना काढला, उजवा कान पहिल्या दिवसापासून तसाच राहिला, डावा मात्र थंडीच्या दिवसांत अजूनही उजव्यापेक्षा बोटभर वर जातो आणि मी आता तो मसाज फक्त तिला आवडतो म्हणून करते.