नोकरीच्या घरात रोजचा हरिपाठ कसा बसवावा

घरात जितकी माणसे, तितक्या हरिपाठाच्या छोट्या पोथ्या आणा. मोबाइलवर वाचू नका. दुसऱ्याच अभंगाला ऑफिसचा मेसेज येतो आणि वाचणारा तिथेच अडकतो.

मग वाटणी करा. ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे अभंग 27, फलश्रुतीचा धरून 28. म्हणजे रोज चार: सोमवारी 1 ते 4, मंगळवारी 5 ते 8, असे करत रविवारी 25 ते 28. प्रत्येक अभंगानंतर ‘हरि मुखें म्हणा’ हे ध्रुपद धरले तर चारांना सात-आठ मिनिटे लागतात. पुढे पसायदानाच्या नऊ ओव्या. रोज सगळा पाठ म्हणावा ही वारकऱ्यांची रीत, आणि ज्यांना जमते त्यांनी ती मोडू नये. पण टाळ-ध्रुपदासह त्याला पाऊण तास सहज लागतो. दमून आलेल्या माणसांवर तो पहिल्याच दिवशी लादला की पंधरवड्यात पोथ्या कपाटात जातात. पूर्ण पाठ एकादशीला ठेवा.

खरी अडचण वेळेची. ‘संध्याकाळी सात वाजता बसा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तोच घात करतो. साताला एकजण लोकलमध्ये असतो, एकजण क्लासला, आणि तिसरी व्यक्ती ओट्यापाशी. शेवटी आजी एकट्याच बसतात. म्हणून पाठ घड्याळाला बांधू नका, स्वयंपाकाला बांधा. कुकर उतरला, भाजी-आमटी झाली, कणीक तिंबून झाकून ठेवली की गॅस बंद करायचा आणि सगळ्यांनी बसायचे. कणकेला नाहीतरी पंधरा-वीस मिनिटे मुरायला लागतात. तेवढ्यात चार अभंग आणि पसायदान होते, पोळ्या नंतर गरम गरम.

गॅस बंद करणे यात सर्वांत महत्त्वाचे. स्वयंपाक करणारी व्यक्ती आतून ऐकतेय, एवढ्यावर समाधान मानू नका. ती तव्यापाशी उभी असेल तर देवासाठी आणि घरासाठी काढलेला हा वेळ तिच्या वाट्याला आलेलाच नाही. ती बसल्याशिवाय सुरुवात करायची नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा. नंतर बदलणे फार जड जाते.

उशिरा येणाऱ्यासाठी मर्यादा ठरवा, समजा साडेआठ. तोवर थांबा, पुढे नाही. तो आला की हातपाय धुऊन जो अभंग चालू असेल त्यात सामील होईल. त्याला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावू नका, टोमणाही नको. रात्री परदेशातल्या टीमबरोबर मीटिंग असणाऱ्यांनी ऑफिसच्या कॅलेंडरवर साडेआठ ते नऊ ही वेळ रोजची म्हणून अडवून ठेवावी आणि वरिष्ठांना एकदाच स्पष्ट सांगावे: तातडीचे असेल तर लागोपाठ दोनदा फोन करा. फोन दुसऱ्या खोलीत, आवाज चालू. रोज नव्याने परवानगी मागत बसलात तर आठवड्यात दोन दिवस तरी नकार मिळेल. सेकंड शिफ्ट असेल तर तो आठवडा पाठ सकाळी, डबे भरून झाल्यावर.

एखादा दिवस चुकला तर त्या दिवसाचे चार दुसऱ्या दिवशी जोडू नका. वार ठरलेले आहेत, त्या वाराचे म्हणा. बाकी साचत गेली की ती फेडण्याच्या भीतीनेच लोक बसायचे टाळतात.

मुलांना टाळ्या वाजवू द्या किंवा चिपळ्या द्या. फ्लॅटमध्ये टाळ त्यांच्या हाती दिला की लय पळते आणि शब्द गिळले जातात. एक अभंग रोज मुलाने सांगावा, बाकीच्यांनी मागून म्हणावा. उच्चार चुकला तर मध्ये थांबवू नका, पुढच्या वेळी तोच अभंग मोठ्यांनी सांगावा, कानावर पडून सुधारतो. आणि पसायदान संपताच गुणपत्रिका किंवा विजेचे बिल काढू नका. तसे दोनदा झाले की मुले तिसऱ्या दिवशी अभ्यासाचे निमित्त सांगतात. ते विषय पानावरून उठल्यावर काढा.