शास्त्रज्ञांच्या गूढ मृत्यूंचा शोध घेताय? या चुका टाळा

वर होमी भाभा, खाली विक्रम साराभाई, मग कैगा, तुर्भे, विशाखापट्टणम इथले अणुक्षेत्रातले शास्त्रज्ञ आणि अभियंते. 'गूढ मृत्यूं'ची ही यादी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आणि बहुतेक जण शोधाला तिथूनच सुरुवात करतात. तीच पहिली चूक. यादीत आजार, अपघात, आत्महत्या सगळं एका माळेत ओवलेलं असतं. डिसेंबर २००९ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या आगीत गेलेले दोघे तरुण संशोधक रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करत होते, तरी यादीत ते 'अणुबॉम्बवाले' ठरतात. शिवाय किती माणसांमधले किती मृत्यू, हे कुणी विचारत नाही. २०१३ साली देशात लाखामागे ११ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्या दराने १० हजार माणसांच्या कुठल्याही संस्थेत १० वर्षांत ११ आत्महत्या होतील.

भाभांच्या बाबतीत तर चौकशीचा निष्कर्षच लोक वाचत नाहीत. २४ जानेवारी १९६६ ला एअर इंडियाचं 'कांचनजंगा' हे विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखराजवळ आदळलं, ११७ जण गेले. विमानाचा एक दिशादर्शक रिसीव्हर बंद होता. शिखर अजून पुढे आहे हे नियंत्रकाचं सांगणं वैमानिकाला नीट कळलं नाही, आणि शिखर ओलांडलं असं समजून त्याने विमान खाली आणलं. घातपाताची 'कबुली' म्हणून फिरतो तो मजकूर सीआयए या अमेरिकी गुप्तहेर संस्थेच्या एका अधिकाऱ्याच्या नावावर आहे, पण तो त्याच्या मृत्यूनंतर बाहेर आलेला आहे. त्याच डोंगरावर १९५० मध्ये एअर इंडियाचंच 'मलबार प्रिन्सेस' कोसळलं होतं. त्यामुळे तिथल्या हिमनदीतून निघालेला विमानाचा प्रत्येक तुकडा 'कांचनजंगा'चाच, असं धरून चालू नका.

पण सरासरी दाखवून एखादा मृत्यू निकालात काढणं हीसुद्धा तितकीच मोठी चूक आहे. घरच्यांना हवं असतं ते त्यांच्या माणसाचं उत्तर. त्यासाठी अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल मिळवा. अहवालात 'मृत्यूचे कारण राखून ठेवले' असं दिसलं की लगेच लपवाछपवीची बातमी करू नका. व्हिसेऱ्याचा (तपासणीला पाठवलेल्या अवयवांच्या नमुन्यांचा) अहवाल यायचा आहे, एवढाच बहुतेकदा त्याचा अर्थ. तो आला का, आणि त्यानंतर डॉक्टरांनी अंतिम मत दिलं का, हे मात्र चिकाटीने विचारा. ते मत कधी घेतलंच गेलं नसेल, तर खरी बातमी ती.

माहिती अधिकारात 'तपास सुरू आहे' एवढंच उत्तर आलं तर गप्प बसू नका. माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल, हे कार्यालयाने दाखवायला हवं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्येच म्हटलंय. नकार हाती पडल्यापासून ३० दिवसांत पहिलं अपील करा.