समुद्राच्या गाळातला कार्बन मोजताना या चुका टाळा

कोकण-गोव्यासमोर किनाऱ्यालगत चिखल सापडतो. उत्तरेकडच्या भागात त्यात दख्खनच्या बेसॉल्टमधून आलेलं स्मेक्टाइट (चिकणमातीचं एक खनिज) भरपूर असतं. शेल्फच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाच्या, बाहेरच्या कडेला मात्र शिंपल्यांची, चुनखडीयुक्त वाळू लागते. या दोन्हींना एकच पद्धत लावणं ही सर्वांत महागात पडणारी चूक.

चिखल भट्टीत ५५० अंशांवर जाळला आणि घटलेलं सगळं वजन सेंद्रिय पदार्थांचं धरलं, तर आकडा फुगतो. चिकणमातीच्या स्फटिकांतलं पाणीही त्याच तापमानात निघून जातं. सेंद्रिय अंश कमी असेल तिथे या पद्धतीवर विसंबू नका.

वाळूचं दुखणं वेगळं. एकूण कार्बन १० टक्के, असेंद्रिय (म्हणजे शिंपल्यांच्या कार्बोनेटमधला) ९.५ टक्के, म्हणून सेंद्रिय ०.५ टक्के, अशी वजाबाकी करता येते. पण दोन्ही मोजमापांत ०.१ टक्क्याची चूक असली, तर उत्तरात सुमारे ०.१४ ची येते, म्हणजे पाव हिश्शाहून जास्त! अशा नमुन्यातला कार्बोनेट आम्लाने काढून सेंद्रिय कार्बन थेट मोजावा.

आता आम्लाकडे वळू. नमुना ठेवायची छोटी कॅप्सूल चांदीची घ्या, कथील हायड्रोक्लोरिक आम्लात टिकत नाही. आम्लानंतर नमुना पाण्याने धुऊ नका, विरघळलेला सेंद्रिय कार्बन त्या पाण्याबरोबर जातो. फसफस थांबली म्हणजे काम झालं असंही नाही, कारण डोलोमाइट (मॅग्नेशियमयुक्त कार्बोनेट) थंड आम्लात फार सावकाश विरघळतो. उरलेलं कॅल्शियम क्लोराइड हवेतली ओल ओढतं, म्हणून नीट सुकवून लगेच मोजा.

टक्केवारी मात्र आम्ल घालण्याआधीच्या वजनावरच काढायची. ८० टक्के कार्बोनेट असलेल्या गाळातलं ०.५ टक्के सेंद्रिय कार्बन उरलेल्या भागावर मोजलं तर २.५ टक्के दिसतं. आकडा पाहायला सुरेख वाटतो आणि तसाच तक्त्यात जातो, म्हणूनच ही चूक मला सर्वांत जास्त खटकते.

मीठही विसरू नका. ओल्या गाळात ६० टक्के समुद्राचं पाणी असेल, तर वाळल्यावर त्यातल्या मिठाचा वाटा वजनाच्या सुमारे ५ टक्के होतो आणि कार्बन तेवढाच कमी दिसतो. पाण्याचं प्रमाण आधी नोंदवलं असेल तर ही दुरुस्ती हिशोबात करता येते.

यंत्रावर शंका आली की शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट चालवा. १२ टक्के कार्बन आलाच पाहिजे. तो आला आणि नमुन्याचे आकडे तरीही फिरत असतील, तर खलाकडे पाहा. शिंपल्याचा एखादा न दळलेला तुकडा काही मिलिग्रॅमच्या नमुन्यात गेला तरी आकडा बिघडवायला पुरतो.