टोमाहॉक घेताना आधी मागची बाजू बघा

टोमाहॉक म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींची हलकी, एका हाताने चालवायची कुऱ्हाड. विकत घेताना पात्याआधी त्याची मागची बाजू बघा. मागे अणकुचीदार सुळा असलेला प्रकार व्हिएतनाम युद्धात काही अमेरिकी सैनिकांनी वापरला. पण लाकूड तोडताना पातं उसळलं, तर तोच सुळा आपल्या कपाळाकडे येतो. कॅम्पिंगला हातोडीसारखी चपटी पाठच घ्या, तंबूच्या खुंट्या ठोकता येतात. स्वसंरक्षणाच्या नावाखाली सुळ्याचा मोह नकोच, अंगावर कुणी आलं तर निसटायची वाट शोधणं कधीही बरं. दांडा हिकरी नावाच्या चिवट लाकडाचा, आपल्या टिकावासारखा वरून सरकवून बसणारा हवा. वापरताना तो आणखी घट्ट बसतो, आणि मोडलाच तर पाचर न ठोकता रानातच बदलता येतो.