कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात राहायचंय? खोलीआधी पाणी, मेस आणि पाऊस बघा

जून-जुलैत आई-वडिलांबरोबर वसतिगृह बघायला आलेला विद्यार्थी आधी खोलीचा रंग, कपाट आणि खिडकीतून दिसणारी झाडं बघतो. पण दोन कॉट, दोन टेबलं आणि एक पंखा यांत खोलीखोलीत फरक तो किती असणार? वर्ष सुखाचं जातं की रडतखडत, हे ठरतं पाण्यावर, मेसवर आणि विभागापर्यंतच्या चालण्यावर. म्हणून खोलीत शिरण्याआधी बाथरूम बघा आणि मेसच्या दारावरचा फलक वाचा.

आधी पर्याय कोणते ते पाहू. पदव्युत्तर विद्यार्थ्यांची नेहमीची वसतिगृहं मुलांची वेगळी, मुलींची वेगळी. घरची परिस्थिती बेताची असेल तर ‘कमवा आणि शिका’ योजनेची चौकशी करा. तिथे राहण्या-जेवणाचा भार हलका होतो, बदल्यात रोज ठरलेले तास विद्यापीठातच काम करावं लागतं. ही योजना चांगली आहे, पण डोळे झाकून घेऊ नये. रसायनशास्त्राचं किंवा जैवतंत्रज्ञानाचं प्रात्यक्षिक दुपारभर चालतं. कामाची पाळीही त्याच वेळेत आली तर पहिल्या सत्रातच ओढाताण सुरू होते. विभागातून वेळापत्रक घ्या, कामाच्या तासांशेजारी ठेवा आणि मगच अर्ज भरा. भाषा, इतिहास, समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे गणित सहसा जमून जातं.

आवाराबाहेरचा पर्यायही हाताशी असू द्या. कोल्हापूर बोर्डिंगांचं गाव आहे. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी करायला बळ दिलं, त्यातली काही दसरा चौकाच्या आसपास आजही चालू आहेत. शिवाय समाजकल्याण विभागाची शासकीय वसतिगृहं आहेत. तिथे अर्ज करूनही प्रवेश मिळाला नाही, तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून पैसे थेट खात्यावर मिळू शकतात. त्यासाठी शासकीय वसतिगृहाचा अर्ज मुदतीत भरलेला असावा. विद्यापीठात खोली मिळेलच म्हणून तो अर्ज टाळणारे नंतर हळहळतात. दोन्हीकडे अर्ज करा, एकीकडे नक्की झालं की दुसरीकडे लेखी कळवा.

आता अंतर. विद्यापीठाचं आवार 853 एकरांचं आहे. मोरांचा आवाज ऐकत पहाटे फिरायला ते छान, पण भर पावसात प्रयोगशाळेची वही पोटाशी धरून चालताना आवार मोठं आहे हे चांगलंच कळतं. वसतिगृह ते तुमचा विभाग, विभाग ते मेस आणि वसतिगृह ते खर्डेकर ग्रंथालय हे तिन्ही रस्ते एकदा पायी चालून मिनिटं मोजा. विभाग ते मेस 15 मिनिटांहून लांब असेल तर दुपारच्या सुट्टीत जाऊन-जेवून परत येणं होत नाही. मग कँटीनचा वडापाव सुरू होतो आणि मेसचे पैसे वाया जातात. सायकल आणणार असाल तर ती ठेवायला छप्पर आहे का ते विचारा. उघड्यावरची साखळी पावसाळ्यात गंजून जाते.

खोलीची दिशा आणि मजला यांकडे फार कमी लोक बघतात. कोल्हापुरात पावसाचा मारा पश्चिमेकडून येतो. पश्चिमेच्या भिंतीला लागून कॉट असेल तर ऑगस्टपर्यंत गादीला ओल धरते. ती भिंत हाताने चाचपा आणि छताच्या कोपऱ्यात पिवळे डाग आहेत का बघा. डागावर नवा रंग दिला असेल तरी त्याची कड दिसते. वरचा मजला एप्रिल-मेमध्ये तापतो, तळमजल्यावर पावसाळ्यात किडे-सरपटणारे येतात आणि दार उघडं टाकता येत नाही. मधला मजला, पूर्वेची खिडकी मिळाली तर घेऊन टाका. कापसाची गादी ओल लवकर सोडत नाही. फोमची पातळ गादी आणि तिच्याखाली जाड प्लॅस्टिकचा कागद हे कोल्हापूरच्या चार महिन्यांना पुरतं.

गरम पाण्याचं बघा. बऱ्याच ठिकाणी सोलर असतो आणि तो नेमका जून ते सप्टेंबर, ढगांच्या दिवसांत, हात वर करतो. ‘सोलर आहे का’ हा प्रश्न अपुरा आहे, ‘पावसाळ्यात काय सोय?’ असं विचारा. जोडीला विजेचा हीटर असेल तर त्याच्या वेळाही विचारा. मग बाथरूम मोजा. एका मजल्यावर 40 जणी आणि 6 बाथरूम असतील, प्रत्येकीला 10 मिनिटं धरली, तरी सगळ्यांचं आवरायला तासाहून जास्त वेळ लागतो. आठचं लेक्चर असेल तर साडेसहाला रांगेत उभं राहायची तयारी हवी.

गरम पाणी नाही म्हणून खोलीत कॉइल लावण्याचा मोह होतो. वसतिगृहात तिला बंदी असते आणि ती उगीच नाही. 1500 वॅटची कॉइल साडेसहा अँपिअर ओढते, खोलीतला लहान सॉकेट 6 अँपिअरचा असतो. आधी प्लग तापतो, मग वायरीचा वास येतो, शेवटी मजल्याची लाइट जाते आणि दंड होतो तो वेगळाच.

मेसचा दर सगळे विचारतात, खाड्याचा, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे कापण्याचा, नियम कुणीच विचारत नाही. कळीचा प्रश्न तोच आहे. समजा मेस महिन्याला 3,000 रुपये, म्हणजे दिवसाला 100. तुम्ही सांगली किंवा गारगोटीचे आणि दर शनिवार-रविवार घरी जाता, म्हणजे महिन्यात 8 दिवस. सलग 3 दिवस गैरहजर असाल तरच खाडा धरत असतील, तर तुमचा एकही दिवस कापला जात नाही आणि 800 रुपये पाण्यात. असं असेल तर ताटावर पैसे घेणारी मेस बरी पडते. खाडा आदल्या दिवशी किती वाजेपर्यंत लिहायचा, रविवारी रात्री मेस बंद असते का, मांसाहार वेगळ्या पैशांत की त्यातच, हेही विचारा. आणि एक वेळ पैसे देऊन जेवून बघा. आमटीत डाळ किती आणि पाणी किती, हे फलकावर लिहिलेलं नसतं.

सातारा-पुण्याकडच्या विद्यार्थ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. विद्यापीठ उंचावर आहे, पण 2019 आणि 2021 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला होता आणि शहराचा पाणीपुरवठाही कोलमडला होता. जुलै-ऑगस्टमध्ये खोलीत चार दिवसांचा सुका खाऊ, 10 लिटर पिण्याचं पाणी आणि नेहमीची औषधं असू द्या.

कागदपत्रांत अडकतो तो उत्पन्नाचा दाखला. मागच्या वर्षीचा चालत नाही, आणि निकालानंतर सेतू केंद्रात झुंबड उडते, म्हणून एप्रिल-मेमध्येच काढून ठेवा. गुणपत्रिका, जातीचा दाखला, आधार, पासबुक, विभागाची प्रवेशपावती यांच्या प्रत्येकी तीन प्रती काढा. रॅगिंगविरोधी हमीपत्र विद्यार्थ्याचं आणि पालकांचंही लागतं. रॅगिंगची तक्रार करायचा देशभरचा क्रमांक 1800-180-5522, तो मोबाइलमध्ये आधीच साठवा.

रेक्टरांना विचारायच्या दोन गोष्टी: रात्री दार किती वाजता बंद होतं आणि दिवाळी-उन्हाळ्याच्या सुट्टीत खोली रिकामी करावी लागते का. संशोधक विद्यार्थ्याला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा, कारण त्याचा प्रयोग सुट्टी पाळत नाही.

खोली ताब्यात घ्याल त्या दिवशी पंखा, कडी, काच, टेबलाचा खण, नळ सगळं चालवून बघा. मोडकं दिसेल त्याचा फोटो काढा आणि तेच नोंदवहीत लिहून सही घ्या. नाहीतर मागच्याने फोडलेल्या काचेचे पैसे वर्षाअखेर तुमच्या अनामत रकमेतून वळते होतात.