परसबाग: पैसा फक्त बियाण्यावर घाला

सांगली, मिरज, वाळवा भागात परसबागेला लागणारं बहुतेक सगळं शिवारातच मिळतं: काळी माती, शेणखत आणि ऊसतोडीनंतर रानात पडलेलं पाचट. १० बाय १० फूट जागा आणि रोज सहा तास ऊन एवढं पुरे. मेथ्या आणि धणेसुद्धा किराणा दुकानातले चांगले उगवतात. धणे मात्र हलके रगडून दोन फाकी करा आणि रात्रभर भिजवून मगच पेरा.

कृष्णाकाठच्या ज्या रानात माती सुकल्यावर पांढरा थर धरते, तिथली माती फुकट मिळाली तरी आणू नका. ती क्षारपड असते. कपडे धुतलेलं साबणाचं पाणीही वाफ्यात सोडू नका, काळी माती त्यानं घट्ट होते. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी चालतं.

चार फुटी दोन वाफे काढा, मध्ये दोन फुटांची वाट ठेवा. पावसाळ्यात वाफा अर्धा फूट उंच हवा, नाहीतर पाणी साचून मुळं कुजतात. दर वाफ्यात दोन-तीन घमेली शेणखत मिसळा. खत काळं, भुसभुशीत आणि वास गेलेलं असावं. कच्च्या शेणखतातून हुमणी येते, म्हणून चाळून घ्या आणि पांढऱ्या, वाकड्या अळ्या दिसतील तेवढ्या वेचून कोंबड्यांना टाका.

पाचट मातीत कालवू नका. ते कुजताना जिवाणू मातीतला नत्र ओढून घेतात आणि रोपं पिवळी पडतात. रोपं वीतभर झाली की त्यांच्यामध्ये दोन-तीन इंच जाड थर पसरा. ओल टिकते, तण दबतं, उन्हाळ्यात पाणीही कमी लागतं.

मृगाचा पाऊस झाला की भेंडी, गवार, दोडका, कारलं लावा. दसऱ्यानंतर मेथी, पालक, कोथिंबीर, टोमॅटो. चार माणसांच्या घराला भेंडीची १२-१५ झाडं आणि दोडक्याचे दोन वेल पुष्कळ झाले. मेथी एकदम सगळी पेरू नका. दर आठवड्याला दोन फुटांचा पट्टा पेरला की महिन्याभरात पहिली जुडी निघते आणि पुढे खंड पडत नाही.

दोडका फुलतो पण धरत नाही, ही तक्रार घरोघरी असते. सुरुवातीला नुसती नर फुलं येतात, ती गळणारच. मादी फुलाच्या देठाशी बोटाएवढा बारका दोडका दिसतो. तोही पिवळा पडून गळाला, तर परागीभवन झालेलं नाही असं समजा. दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात. तेव्हाच ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि त्यातला पराग मादी फुलाच्या मधोमध हळूच टेकवा.

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या झाल्या की ते झाड उपटाच. हा रोग पांढरी माशी पसरवते, त्यावर औषध नाही. वांग्याचा शेंडा मान टाकतो तेव्हा आत अळी असते. तो शेंडा इंचभर खालून कापून जाळा. मावा-तुडतुड्यांसाठी ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा, चिमूटभर साबणचुरा घालून संध्याकाळी फवारा. निंबोळ्या पावसाच्या सुरुवातीलाच वेचून ठेवाव्यात, नंतर मिळत नाहीत.

बियाणं सरळ वाणाचं घ्या. संकरित वाणाचं बी धरलं तर पुढचं पीक एकसारखं येत नाही. निरोगी भेंडीच्या एका झाडावर दोन-तीन शेंगा तडकेपर्यंत राखा, बी सावलीत वाळवून राखेत कालवा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत भरून ठेवा.